अर्ध्या तोंडाचा पेंग्विन

आमच्या ड्रॉइंगच्या सरांसमोर नुसतं 'पेंग्विन' म्हणायची सोय नव्हती. म्हटलं की ते हातातला खडू खाली ठेवायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि विचारायचे, "कोणता?"

सिहोऱ्याजवळच्या त्या शाळेत मी मराठी शिकवायला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात या 'कोणता'च्या तावडीत सापडले. स्टाफरूमच्या कपाटावर एक चित्र चिकटवलेलं होतं. मी अमरावतीकडची, नवी, चार चांगले शब्द बोलून ओळख वाढवावी या हेतूने म्हणाले, "छान काढलाय हो पेंग्विन." कोपऱ्यातून आवाज आला, "कोणता?" मी म्हटलं, "हा काय, हाच." तर सर उठून माझ्यापाशी आले.

"मॅडम, तुम्ही दुकानात जाता तं नुसते तांदूळ द्या म्हणता का? ठोकळ का बारीक, सांगा लागते नं? अन् बारीक म्हटलं तरी एचएमटी का जय श्रीराम, हे दुकानदार पुसतेच. मंग या गरिबानंच कोणाचं काय बिघडवलं?"

भंडारा जिल्ह्यात राहून तांदळाचा दाखला दिला की समोरच्याची बोलतीच बंद होते. मी चहाचा कप उचलला आणि मुकाट्याने ऐकायला बसले. पुढे बरीच वर्षं ऐकतच राहिले.

त्यातही सरांना सगळ्या पेंग्विनांचं कौतुक नव्हतं. फक्त तुरेवाल्यांचं होतं. म्हणजे डोळ्यांवर पिवळ्या पिसांचा तुरा असतो ते. पहिलीच्या भिंतीवर 'प पेंग्विनचा' रंगवताना त्यांनी मोबाइलवर चित्रं शोधली आणि धानाची पिकली लोंबी भुवईवर खोचावी तसा हा पक्षी त्यांना दिसला. तिथेच ते अडकले. सगळ्या तुरेवाल्यांची पाठ काळी, पोट पांढरं, डोळे लालसर, चोच तांबूस. लांबून पाहिलं तर एकाच आईची लेकरं. सरांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "पोट सगळ्यायचं पांढरंच असते. फरक भुवईत पाहा लागते." हे वाक्य ते पेंग्विनांबद्दल बोलत, शिक्षकांबद्दल बोलत आणि निवडणुकीच्या दिवसांत उमेदवारांबद्दलही बोलत.

स्टाफरूममधल्या प्रत्येकाला त्यांनी एकेक जात वाटून दिली होती. आमच्या मुख्याध्यापकांच्या भुवया ब्रशसारख्या उभ्या. ते 'उभ्या तुऱ्याचे'. या जातीचा तुरा डोक्यावर ताठ उभा असतो आणि मनाला येईल तसा त्याला तो वरखाली करता येतो. साहेबांची तपासणी आली की मुख्याध्यापकांच्या भुवया कशा चढतात हे सगळ्यांनीच पाहिलेलं असल्यामुळे कोणी हरकत घेतली नाही. पीटीचे सर 'खडकउड्या', कारण तो दोन्ही पाय जुळवून खडकाखडकावरून उड्या मारत जातो. त्यातही दक्षिणेचा आणि उत्तरेचा असे दोन. उत्तरेच्याचा तुरा लांब आणि दाट, दक्षिणेच्याचा आखूड. पीटीच्या सरांनी केस वाढवले तेव्हा त्यांची दक्षिणेतून उत्तरेत बदली झाली.

माझी वर्णी 'स्नेअर्स'मध्ये लागली. ही त्याच नावाच्या बेटांवर राहणारी जात. चोच चांगली जाडजूड आणि चोचीच्या मुळाशी गुलाबी कातडीची उघडी कड.

"म्हणजे मी फार बोलते, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"चोच जाड आहे एवढंच म्हटलं, मॅडम. चालते किती, हे मी कुठं म्हटलं?"

त्यांचा स्वतःचा लाडका होता तो न्यूझीलंडच्या फिओर्डलँडमधला. तो स्नेअर्ससारखाच दिसतो, पण त्याच्या चोचीला ती गुलाबी कड नसते आणि गालांवर पांढऱ्या रेघा असतात, कोंबडीने नखं ओढल्यासारख्या. त्याचं विशेष म्हणजे तो बर्फात राहत नाही. पावसाळी जंगलात, झाडांच्या मुळांखाली घरटं करतो आणि माणूस दिसला की लाजून आत सरकतो. सर त्याला 'झाडीतला' म्हणत. "पोटासाठी समुद्रात जाते, पण राहाले झाडीतच येते. आपल्याच इकडचा होय तो," असं ते वर्गात सांगत, आणि आमची पोरं हा पेंग्विन साकोलीच्या जंगलात सापडतो असं समजून घरी जात.

एकदा मुलीने हौसेने त्यांना मुंबईला नेलं. तिथल्या प्राणिसंग्रहालयात पेंग्विन आहेत, वडिलांना दाखवावेत, एवढीच तिची इच्छा. सर ज्या वेगाने गेले त्याच वेगाने परत आले. मी विचारलं, "दिसले का पेंग्विन?" तर तोंड वाकडं करून म्हणाले, "दिसले. पण बिनतुऱ्याचे निघाले." काचेमागच्या त्या पक्ष्यांची काही चूक नव्हती, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. ते त्या जातीचेच तसे.

आता सरांच्या भावाबद्दल सांगायला हवं.

गावच्या तलावात मासेमारी करणारं त्यांचं घराणं. मोठा भाऊ अजून तलावातच होता. लाकडी डोंगा, जाळं आणि तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बसून मासे विकणं. धाकटा शिकून मास्तर झाला. दोघांना शेजारी उभं केलं असतं तर कोणीही सांगितलं असतं, तेच कपाळ, त्याच मधे जुळलेल्या भुवया, तीच जराशी फेंगडी चाल. फक्त मोठ्याचा चेहरा उन्हापाण्याने काळा ठिक्कर पडलेला आणि धाकट्याचा वर्गाच्या सावलीत उजळलेला. पण दोघांना शेजारी उभं करणं कोणाच्या बापाला शक्य नव्हतं. ते एकमेकांशी बोलत नसत.

कारण सरांच्या मुलीच्या लग्नात घडलं. त्यांच्या घरात रीत होती, लग्नाच्या सकाळी मुलीच्या मोठ्या काकाने स्वतःच्या हाताने धरलेला मासा घरी आणायचा. मोठे भाऊ पहाटे तलावात उतरले आणि टोपलीभर रोहू घेऊन मांडवाच्या दाराशी आले. नवरदेवाकडचे लोक तुमसरचे, धानाचे व्यापारी, गळ्यात तुळशीची माळ घातलेले, मासळीला न शिवणारे. ते मांडवात येऊन बसले होते. सर धावत दाराशी गेले आणि हळूच म्हणाले, "भाऊ, आज नको. वापस ने." हळूच म्हणाले, तरी मांडव म्हणजे मांडव. सगळ्यांनी ऐकलं. मोठे भाऊ टोपली घेऊन परत फिरले. मेलेले मासे, परत पाण्यात तरी कसे सोडायचे? त्यांनी ते चौकात, येईल त्याला देऊन टाकले आणि लग्नात पाण्याचा घोटही घेतला नाही.

गंमत म्हणजे जावई पुढे नागपूरला नोकरीला गेले आणि तिथे मासे चापून खायला लागले. सरांना ते कळलं त्या दिवशी त्यांनी दोन तास चित्रकलेचा वर्ग घेतलाच नाही, मैदानावर फिरत राहिले. मला म्हणाले, "ज्यायच्यासाठी भावाले दारातून फिरवलं, ते आता काटे चोखून राहिले, मॅडम." मी म्हटलं, "मग जाऊन बोला ना भावाशी." ते म्हणाले, "काय तोंड घेऊन जाऊ?" आणि फाटकातून निघून गेले. दुपारी चहाला परत आले तेव्हा तो विषय त्यांनी काढू दिला नाही.

सरांची पत्नी आधीच गेली होती. निवृत्तीला एक उन्हाळा उरला होता आणि त्यानंतर मुलगी त्यांना कायमचं नागपूरला नेणार होती. त्यामुळे भावाशी बोलायचं असेल तर ते त्या उन्हाळ्यातच व्हायला हवं होतं. हे त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं, आणि माझ्या अंदाजाने पाळीवर बसणाऱ्या मोठ्या भावालाही माहीत होतं.

त्याच उन्हाळ्यात ग्रामपंचायतीने तलावाच्या पाळीचं सुशोभीकरण काढलं. बाकडी आली, दिवे आले आणि ट्रकमधून पेंग्विन आले. कचरापेट्या हो. बागेत असतात ना, चोच वासून उभ्या, पोटावर 'मला वापरा' लिहिलेल्या, त्या. सात मागवल्या होत्या. एक वाटेतच तडकली, ती पंचायतीच्या मागे टाकून दिली. उरल्या सहा.

सर पाळीवर गेले, प्रत्येक पेटीभोवती फिरले आणि मला घेऊन थेट सरपंचबाईंकडे.

"बाई, याची जात कोणती?"

सरपंचबाई धास्तावल्या. "आता पेंग्विनची बी जात काढता का जी, सर? कचरा त्याच्यात पडला म्हंजे झालं."

"भुवई कोरी ठेवली आहे त्याची. अशा कोऱ्या तोंडाचा पेंग्विन दुनियेत नाही. मले रंगवू द्या. फुकट रंगवतो."

'फुकट' हा शब्द पंचायतीत फार लवकर मंजूर होतो. सर दुसऱ्याच दिवशी रंगाचे डबे घेऊन पाळीवर बसले.

पहिल्या झटक्यात एक फजिती झाली. नुसता रंगवलेला तुरा त्यांना खोटा वाटला. म्हणून त्यांनी धानाच्या तणसाच्या जुड्या पिवळ्या-केशरी रंगवून भुवयांवर बसवल्या. काय देखणे दिसत होते! संध्याकाळी म्हशी तलावावरून परतल्या आणि त्यांनी सहाही पेट्यांचे तुरे एकजात खाऊन टाकले. रंगाने तोंडं पिवळी झालेल्या म्हशी गावभर फिरल्या, आणि धाब्यावरचे लोक सरांना विचारू लागले, "सर, ही कोनती जात जी?"

सर हसले नाहीत. म्हणाले, "नायलॉन पाहिजे." जाळ्याचा पिवळा नायलॉन दोर. आता गावात असा दोर मिळायचं ठिकाण एकच. सर माझ्याकडे पाहू लागले.

मी मासे घ्यायला म्हणून मोठ्या भावाकडे गेले. त्यांनी मान वर न करता अर्धा किलो तोलले. मी म्हटलं, "दादा, शाळेत हस्तकलेला थोडा जुना दोर हवा होता. पिवळा असला तर बरं."

"हस्तकलेले?" त्यांनी पाळीवरच्या बोडक्या पेंग्विनांकडे पाहिलं. "म्हशीनं खाल्ले, ते मी नाही पाह्यलं का?" मग डोंग्यातून दोराचं एक कोरं वेटोळं काढून माझ्या पिशवीत टाकलं. "जुना कायले? जुना दोर उन्हानं तुटते. अन् म्या देल्लो म्हून सांगू नोका."

मी नाहीच सांगितलं. पण सरांनी वेटोळं हातात घेतलं, त्याच्या टोकाची गाठ पाहिली आणि ती न सोडता अंगठ्याने कितीतरी वेळ कुरवाळत बसले. त्या दिवशी त्यांनी मला एकदाही 'कोणता' विचारलं नाही.

पाच पेंग्विन झाले. दक्षिणेचा खडकउड्या, उत्तरेचा खडकउड्या, उभ्या तुऱ्याचा, स्नेअर्स आणि पाळीच्या टोकाला मोहाच्या झाडाखाली झाडीतला. सहाव्यापाशी गाडी अडली, कारण जाती दोन उरल्या होत्या. मॅकरोनी आणि रॉयल.

हे दोघं तुरेवाल्यांत सगळ्यांत मोठे. बाकीच्यांचे तुरे चोचीच्या दोन बाजूंनी वेगवेगळे निघतात. या दोघांचे केशरी तुरे मात्र कपाळाच्या मधोमध जुळतात. फरक एकच. मॅकरोनीचा चेहरा काळा, रॉयलचा पांढरा. मॅकरोनी बऱ्याच बेटांवर सापडतो, रॉयल एका बेटाच्या आसपासच. आणि जाणकारांत अजून वाद आहे, की या दोन जाती म्हणायच्या की एकच. सरांनी दोन दिवस ब्रश हातात धरून काढले. तिसऱ्या दिवशी त्या पेंग्विनाचा डावा गाल काळा होता, उजवा पांढरा, आणि कपाळावर जाडजूड केशरी तुरा मधोमध जुळवून बांधलेला. रंग वाळल्यावर तो त्यांनी नेऊन उभा केला तो नेमका मोठ्या भावाच्या मासळीच्या जागेशेजारी.

"मॅडम, मोठमोठ्या लोकायचं अजून ठरलं नाही," ते मला म्हणाले. "मी कोण ठरवणारा? ज्या दिवशी ठरन, त्या दिवशी रंग देऊ."  

मोठे भाऊ पेंग्विनकडे पाठ करून मासे विकत राहिले. असे पुष्कळ दिवस गेले. मग एकदा माझ्या पिशवीत मासे टाकताना त्यांनी पेंग्विनकडे न वळताच विचारलं, "मास्तरीनबाई, याचं तोंड असं अर्धं-अर्धं काहून?"

मी सगळं सांगितलं. तुरा एकच, कपाळावर जुळतो. तोंड एकाचं काळं, एकाचं गोरं. आणि ते एक की दोन, हे दुनियेतल्या शहाण्यांना अजून सुटलेलं नाही. ते खवले काढत ऐकत होते. सुरी थांबली.

"त्या पाखरायले पुसलं का पन कोनी?"

मी म्हटलं, "नसेल पुसलं."

"तेच म्हन्तो," ते म्हणाले आणि पुन्हा खवले काढू लागले.

निरोप समारंभ शाळेच्या मोठ्या खोलीत झाला. शाल, नारळ, हार. संस्थेचे अध्यक्ष प्रमुख पाहुणे. गळ्यात माळ, आवाज गोड, भाषण लांब. जेवायला पुरी, भाजी, जिलेबी. अध्यक्ष सरांच्या कलासेवेबद्दल बोलत असताना दारात सायकलची घंटी वाजली आणि सगळ्यांच्या माना वळल्या.

मोठे भाऊ सायकल हातात धरून उभे होते. मागच्या कॅरियरवर पिवळ्या दोराने करकचून बांधलेला एक पेंग्विन. पंचायतीच्या मागे पडलेला तो सातवा. तडकलेली जागा त्यांनी डोंग्याला लावतात त्या डांबराने बुजवली होती, आणि डांबर नेमकं तोंडावर आल्यामुळे पेंग्विनाचा चेहरा काळा ठिक्कर झाला होता. त्याच्या पोटात काहीतरी धडपडत होतं आणि वासलेल्या चोचीतून पाणी उडत होतं.

खोलीत मासळीचा वास शिरला. मुख्याध्यापकांच्या भुवया उभ्या राहिल्या. त्यांनी शिपायाला हाताने खूण केली, बाहेर ठेव, बाहेर. सर खुर्चीतून उठले. अंगावर शाल, हातात नारळ.  जणू लग्नातला तोच मांडव, तेच दार, समोर तसेच माळवाले पाहुणे.

सर दाराशी गेले.  मोठ्यांनीच आधी तोंड उघडलं.

"लहान्या, या टाइमले जित्ते आनलो. वापस करशीन तं तलावात सोडता येतीन."

सरांचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येणार नाही. त्यांनी नारळ खाली ठेवला, वाकून पेंग्विनाच्या चोचीत पाहिलं आणि अगदी बारीक आवाजात विचारलं, "कोणते?"

"मरळ. थोड्या पान्यात बी तग धरते."

सरांनी डोळे पुसले. मग खांद्यावरची शाल काढून भावाच्या ओल्या खांद्यावर टाकली, त्यांचा हात धरला आणि त्यांना आत आणून आपल्या खुर्चीवर बसवलं. स्वतः उभे राहिले.

"अध्यक्षसाहेब," ते म्हणाले, "हा माझा मोठा भाऊ. हे त्यायच्या हातचे मासे आहेत. मागं चूल पेटवून हे शिजतीन. ज्यायले नाही चालत त्यायनं पुरी-भाजी खावी. पण हे वापस जाणार नाहीत."

अध्यक्षांनी माळ चाचपली. "मी कुठं नाही म्हटलं?" ते म्हणाले. "वारा तिकडचा इकडे येणार नाही एवढं पाहा." मुख्याध्यापकांच्या भुवया हळूहळू खाली उतरल्या.

मागच्या अंगणात चूल पेटली. दोघं भाऊ पायरीवर शेजारी बसून जेवले.  काटे काढता काढता मोठे म्हणाले, "तलावावरचा तो अर्धा-अर्धा कायले ठेवला? आपुन दोन हाओत. तू मास्तर, मी पान्यातला. हा सातवा काळाच राहू दे, अन् तो पुरा गोरा करून टाक. दोन हाओत तं दोन." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "पन बाजूले बाजू ठेव."

नागपूरची गाडी पकडायच्या आधी, दुसऱ्या दिवशी सकाळी, सरांनी पाळीवर बसून तो काळा गाल पांढरा केला. डांबराच्या तोंडावर मात्र त्यांनी ब्रश लावला नाही, फक्त कपाळावर केशरी तुरा बांधून दिला. दोर भावाने कापून दिला.

अजूनही ते दोघं तिथे शेजारी उभे आहेत. गोऱ्यात गाव कचरा टाकतं. काळ्यात कोणी टाकून तर दाखवा! त्यात मोठे भाऊ पाणी भरून जिवंत मरळ ठेवतात. सर सणावाराला येतात आणि आल्या आल्या दोन्ही तुरे घट्ट करून जातात.

परवा मी मासे घ्यायला गेले होते. म्हटलं, "दादा, त्या पेंग्विनातला एक द्या."

त्यांनी मान वर न करताच विचारलं, "कोनता?"

मी म्हटलं, "मॅकरोनी." त्यांनी मान डोलावली आणि काळ्याच्या चोचीत हात घातला.